शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं औषध

मुंबईत कुणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरात चर्चा होते ती लेन्सची. देशी की परदेशी, मोनोफोकल की मल्टिफोकल, चष्मा सुटेल का, मेडिक्लेम किती देईल आणि वरचे पैसे कोण घालणार. खासगी दवाखान्यात काउंटरवर पॅकेजांचा लॅमिनेट केलेला तक्ता हातात ठेवतात. पालिकेच्या रुग्णालयात किंवा शिबिरात निवडीचा प्रश्नच नसतो, तिथे नंबर कधी लागेल एवढंच विचारायचं. पण एक गोष्ट दोन्हीकडे कुणी विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगतही नाही. लेन्स बसवून झाल्यावर, पट्टी लावायच्या आधी, डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडणार आहात का?

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायला हवं, आणि ते सर्जनच्या सवयीवर न सोडता नियमाने ‘हो’ असायला हवं, असं माझं म्हणणं आहे. निदान जिथे सरकारचा, पालिकेचा किंवा धर्मादाय संस्थेचा पैसा लागतो तिथे तरी.

पुढचं वाचून कुणी घाबरून तारीख रद्द करू नये, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही आजच्या वैद्यकातल्या सर्वांत भरवशाच्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. देशात वर्षाला ६० लाखांहून अधिक होतात. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के वेळा मोतीबिंदूच निघाला, म्हणजे ज्यांची शस्त्रक्रिया व्हायला हवी होती आणि झाली नाही असे लोक. भीतीपोटी घरी बसून राहिलेल्या आजीची नजर जाण्याचा धोका टेबलावर झोपलेल्या आजीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

तरीही काही हजारांत काही जणांच्या डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो. वैद्यकीय नाव एंडोफ्थॅल्मायटिस. डॉक्टर आपसात नुसतं ‘एंडो’ म्हणतात, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. बहुधा पहिल्या आठवड्यातच डोळा ठणकायला लागतो, लाल होतो, पापणी सुजते, आणि नुकतीच स्वच्छ झालेली नजर पुन्हा धुरकट होत जाते. डोळ्याच्या मागच्या पोकळीत जेलीसारखा पदार्थ असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे उशिरा पोचते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. पडद्याची नासाडी काही तासांच्या हिशेबात होते. उपचार आहेत. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही औषधं थेट त्या पोकळीत टोचतात, गरज पडली तर जेली काढून टाकतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशाच प्रकारचे उपचार मिळालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना बरी नजर परत मिळाली होती. उरलेल्यांचं काय झालं हे मुद्दाम सांगायला नको. शिवाय ते सगळे वेळेवर मोठ्या केंद्रात पोचलेले रुग्ण होते. भूल उतरल्यावर कर्जत लोकलने घरी गेलेला आणि ‘थोडं दुखणारच’ म्हणून तीन दिवस क्रोसिन घेत बसलेला रुग्ण त्या अभ्यासात नव्हता.

जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणावरून. तिथे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू कायमचे राहायला असतात आणि एरवी काही त्रास देत नाहीत. फेको, म्हणजे यंत्राने मोतीबिंदूचा चुरा करून शोषून घेण्याच्या पद्धतीत, दोन-अडीच मिलिमीटरची चीर घेतात, तीही टाके न घालता आपोआप मिटणारी. पण पहिल्या काही तासांत डोळ्यातला दाब खालीवर होतो, चिरेचं तोंड किंचित उघडतं, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून दोन-तीन मिनिटं थांबतात. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, आणि ओपीडीची रांग लांब असली की नेमकी त्याच मिनिटांना कात्री लागते. आयोडीन जंतूंची संख्या खूप खाली आणतं, शून्यावर आणत नाही. जे आत शिरले त्यांच्यासाठी दुसरा पहारा लागतो.

तो दुसरा पहारा म्हणजे हे इंजेक्शन. इंजेक्शन म्हटलं की माणूस दचकतो, डोळ्यात सुई या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात नवीन टोचणं नसतंच. लेन्स बसली की आधीच घेतलेल्या चिरेतून बोथट कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, आत घालून ०.१ मिलिलिटर औषध सोडतात, म्हणजे जेमतेम दोन थेंब. रुग्णाला कळतही नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एकूण पाणीच पाव मिलिलिटरच्या आसपास, त्यामुळे तिथे औषधाची तीव्रता बाहेरून घातलेल्या थेंबांनी कधीच गाठता येणार नाही इतकी होते. हे पाणी शरीर सतत बदलत असतं, त्यामुळे काही तासांत औषध धुतलं जातं. पण जंतू आत शिरतात तेही मुख्यतः त्याच काही तासांत.

ही युक्ती भारतातली नाही, पण तिचा सर्वांत मोठा पुरावा भारतातला आहे. स्टॉकहोममधल्या सेंट एरिक नेत्र रुग्णालयात १९९० च्या दशकातच सेफ्युरोक्झिम हे प्रतिजैविक आत सोडायला सुरुवात झाली. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदू शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे, त्यामुळे फरक आकड्यांत दिसत होता. तरी बाकीच्या युरोपला शंका होती. मग नऊ देशांतल्या २४ केंद्रांत १६,००० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला इंजेक्शन, कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. फरक इतका ठळक निघाला की २००६ च्या सुरुवातीला रुग्ण घेणं थांबवावं लागलं. इंजेक्शन न मिळालेल्यांना धोका जवळजवळ पाचपट होता. पूर्ण निष्कर्ष २००७ मध्ये आले. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेच्या आगेमागे लिव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे थेंब घालून काही फायदा होतो का हेही तपासलं होतं. तो सिद्ध झाला नाही. हे वाक्य जरा लक्षात राहू द्या, थेंबांकडे मी पुन्हा येणार आहे.

भारतात सेफ्युरोक्झिमची अडचण अशी की ते पावडरीच्या रूपात मिळतं. एकदा पातळ करा, मग पुन्हा पातळ करा, तेव्हा १ मिलिग्रॅमचा डोस तयार होतो. यात कुणाचा शून्याचा घोटाळा झाला तर दहापट औषध डोळ्यात जातं आणि पडदा सुजतो. असे अपघात झालेले आहेत. युरोपात त्यावर उपाय म्हणून मोजून भरलेली खास कुपी आली. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने वेगळी वाट धरली. त्यांनी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे दुसरं प्रतिजैविक घेतलं, जे पातळ करावंच लागत नाही. ५०० मायक्रोग्रॅमचा डोस, प्रिझर्व्हेटिव्हशिवाय, त्यांच्याच ऑरोलॅब या कारखान्यात बनवलेला. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी ११ खाटांवर सुरू केलेल्या त्या संस्थेची आता अनेक रुग्णालयं आहेत आणि प्रत्येक डोळ्याची नोंद ठेवायची त्यांना सवय आहे. डॉ. हरिप्रिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे डोळे मोजले. २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब आला, २०१९ मध्ये वीस लाखांहून अधिक. दर १०,००० मागे ७ संसर्ग व्हायचे, ते २ वर आले. फेको असो वा आपल्या सरकारी रुग्णालयांत आजही चालणारी हाताने करायची छोट्या चिरेची पद्धत असो, दोन्हींत घट दिसली. शस्त्रक्रियेत लेन्सची मागची पिशवी फाटली तर संसर्गाचा धोका कितीतरी पट वाढतो; त्या डोळ्यांतही प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

सातावरून दोन. ऐकायला किरकोळ वाटतं. एक डोळा वाचवायला २,००० डोळ्यांत औषध सोडायचं, म्हणजे एखादा सर्जन वर्षानुवर्षं ते सोडत राहील आणि आपण कुणाला वाचवलं हे त्याला कधी कळणारही नाही. प्रतिबंधाचं दुर्दैव हेच की त्याचे आभार मानायला कुणी येत नाही. पण देशाच्या ६० लाखांना तोच हिशेब लावा. कुणालाच इंजेक्शन नाही आणि सगळ्यांना इंजेक्शन, या दोन टोकांमधला फरक वर्षाला ३,००० डोळ्यांचा होतो. देशात बरेच सर्जन आज ते वापरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा कमी असेल. पण उरलेले डोळे कुणाचे, हा माझा प्रश्न आहे. ते बहुधा अशा ठिकाणचे असणार जिथे औषध खरेदीच्या यादीत नाही, किंवा यादीत आहे पण साठा संपलेला आहे, किंवा ‘आमच्याकडे एंडो होतच नाही’ असं म्हणणारे वरिष्ठ आहेत. शेवटचा प्रकार सर्वांत अवघड. वर्षाला ५०० शस्त्रक्रिया करणाऱ्याला दर १०,००० मागे ७ या हिशेबाने तीन वर्षांत एखादा रुग्ण दिसायचा, आणि तोही भलत्याच रुग्णालयात जाऊन दाखल झाला तर त्याच्या खाती शून्यच. स्वतःच्या अनुभवावर इतका भरवसा ठेवणारी माणसं क्रिकेटच्या निवड समितीत शोभतात, थिएटरमध्ये नाही.

विरोधी बाजू पोकळ नाही, ती नीट ऐकायला हवी. पहिला आक्षेप पुराव्यावर आहे. युरोपातल्या चाचणीत इंजेक्शन न दिलेल्या गटात दर १०,००० मागे सुमारे ३५ संसर्ग झाले होते. हे प्रमाणच फार मोठं आहे. इंजेक्शन देऊन ते जिथवर खाली आलं, तिथे अरविंदसारखी संस्था इंजेक्शन न देताच पोचलेली होती. मग स्वच्छता उत्तम असलेल्या ठिकाणी हे हवंच कशाला? आणि अरविंदचा अभ्यास आधी-नंतरचा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. त्या काळात दुसरंही काही सुधारलं असेल. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. अरविंदच्याच आकड्यात, म्हणजे आधीच कमी असलेल्या प्रमाणात, घट झाली. वेगवेगळ्या गावांतल्या त्यांच्या रुग्णालयांत इंजेक्शन वेगवेगळ्या वेळी सुरू झालं आणि उतरण त्या-त्या वेळी दिसली. दर १०,००० मागे सातावरून दोनावर येण्याचा फरक चाचणीने दाखवायचा तर अर्ध्या लाखाहून जास्त रुग्ण लागतील. तशी चाचणी होईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांनी आधी तिचा खर्च कोण करणार ते सांगावं.

दुसरा आक्षेप औषधाच्या सुरक्षिततेचा, आणि तो जास्त गंभीर आहे. निरोगी डोळ्यात काहीही सोडायचं तर शंभरदा विचार करावा हे खरंच. अमेरिकेत काही सर्जन याच कामासाठी व्हॅन्कोमायसिन वापरत. त्यातून क्वचित कुणाला पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पडून नजर जाण्याचा विलक्षण विकार होतो असं लक्षात आलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने मॉक्सिफ्लॉक्सॅसिनबद्दलही इशारा दिला, मात्र तो फार्मसीत स्थानिक पातळीवर बनवलेल्या किंवा पुन्हा भरलेल्या औषधाबद्दल होता. त्यातल्या नको त्या घटकांमुळे आणि तीव्रतेमुळे डोळ्याच्या पुढच्या भागाला दाह होत होता. अमेरिकेत या कामासाठी मंजूर झालेलं तयार औषध नाही, म्हणून ही वेळ येते. आपल्याकडे ते तयार मिळतं. म्हणजे आक्षेपाचं उत्तर खरेदीत आहे. याच कामासाठी बनवलेली, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली कुपी, एका रुग्णाला एक. बाहेरून घालायच्या थेंबांच्या बाटलीतून सिरिंज भरायची नाही. एक कुपी फोडून सकाळच्या यादीतल्या आठ रुग्णांना पुरवायची नाही. शेवटचा मोह आपल्याकडे फार. काटकसर म्हणून एकाच कुपीत आठ वेळा सुई घातली तर संसर्ग रोखायला आणलेलं औषधच संसर्ग वाटत फिरेल.

तिसरा आक्षेप प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा. सरसकट सगळ्यांना औषध दिलं तर जंतू निर्ढावतील. इथे मला उलट वाटतं. आज आपण काय करतो? डिस्चार्जच्या वेळी प्रतिजैविकाच्या थेंबांची बाटली देतो, दिवसातून चार ते सहा वेळा, आठवडाभर किंवा त्याहून जास्त. रोज थोडं थोडं औषध पापण्यांवरच्या जंतूंना पाजायचं आणि त्यांना सराव करून द्यायचा, याहून निर्ढावण्याचा खात्रीचा मार्ग दुसरा नाही. आतल्या इंजेक्शनचा एकच डोस असतो, प्रचंड तीव्रतेचा, आणि काही तासांत संपतो.

आणि ते थेंब डोळ्यात पडतात तरी का? कॅनडातल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर थेंब घालण्याची सवय नसलेल्या रुग्णांचं चित्रीकरण केलं, तेव्हा दहांतले नऊ जण काही ना काही चुकत होते. कुणाचा थेंब गालावर, कुणी बाटलीचं टोक डोळ्याला लावतंय, कुणी हातच धुतले नाहीत. मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात असाच प्रकार दिसतो. सत्तरीपुढची बाई, हाताला कंप, मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री नऊला उगवतात. शेजारच्या वहिनी येतील तेव्हा थेंब. एक आजोबा दोन बाटल्यांतली कुठली किती वाजता हे आठवेना म्हणून दोन्ही एकदमच घालून मोकळे होत. “काय फरक पडतोय, जाणार तर एकाच डोळ्यात ना!” असं त्यांचं उत्तर. सूज कमी करणारे थेंब तर घालावेच लागतात, ते टळत नाहीत. पण संसर्ग रोखायची जबाबदारी त्या थरथरत्या हातावर का टाकायची, जेव्हा ती थिएटरमध्येच, उजेडात, निर्जंतुक हातमोज्यांनी पार पाडता येते? माझ्या मते इंजेक्शनच्या बाजूचा हाच सर्वांत मजबूत मुद्दा आहे, आणि तो वैद्यकीय नियतकालिकांपेक्षा लालबागच्या चाळीत आणि मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पात जास्त कळतो. थेंब हे घरी माणूस असलेल्यांचं औषध आहे. आतलं इंजेक्शन एकट्या माणसालाही सारखंच लागू पडतं.

आता एक गोष्ट इंजेक्शनच्या समर्थकांना सुनावायची आहे. २०१९ च्या जानेवारीत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात एकाच वेळी शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांत संसर्ग झाला, काहींची नजर गेली. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात बडवानीला, २०२१ मध्ये बिहारमध्ये मुझफ्फरपूरला याहून मोठ्या प्रमाणावर असंच घडलं. एका दिवशी, एका थिएटरमध्ये, ओळीने अनेक डोळे जातात तेव्हा जंतू सहसा रुग्णाच्या पापणीवरचे नसतात. ते सलाइनच्या बाटलीतून, फेको मशीनच्या नळ्यांतून, उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या, पण नीट न चाललेल्या ऑटोक्लेव्हमधून आलेले असतात, आणि बऱ्याचदा स्यूडोमोनास जातीचे असतात, जे मॉक्सिफ्लॉक्सॅसिनला दाद देतीलच असं नाही. बुरशीवर तर हे औषध चालतच नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात थिएटरच्या भिंतीला ओल आलेली, एसीच्या डक्टमधून पाणी ठिबकणारं, हे चित्र अगदीच अनोळखी आहे असं कुणी म्हणू नये. म्हणजे एकेकट्या, तुरळक संसर्गावर हे इंजेक्शन फार चांगलं काम करतं. सामूहिक दुर्घटनेवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ‘आता इंजेक्शन देतो ना’ म्हणून कुणी आयोडीनची मिनिटं कापली, दोन रुग्णांमध्ये उपकरणांचा संच न बदलता तोच धुऊन वापरला, तर परिस्थिती आधीपेक्षा वाईट होईल. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाच्या नियमांनुसार तंबूत किंवा शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करायला कधीचीच बंदी आहे. रुग्ण तपासायचे गावात, शस्त्रक्रिया कायमच्या थिएटरमध्येच. हा नियम इंजेक्शनपेक्षा वरचा आहे आणि तसाच राहायला हवा.

मुंबईत शिबिरांची रचना वेगळी असते. गल्लीतलं मंडळ किंवा पक्षाची शाखा बॅनर लावते, नगरसेवकाचा फोटो मोतीबिंदू या शब्दापेक्षा मोठा. तपासणी शाखेत किंवा समाजमंदिरात, मग निवडलेल्यांना बसमध्ये बसवून पनवेलकडे किंवा ठाण्याकडच्या धर्मादाय रुग्णालयात नेतात आणि दुसऱ्या दिवशी काळा चष्मा देऊन परत आणतात. यात वाईट काही नाही. जे.जे., केईएम, सायनची रांग पाहिली तर या बस नसत्या तर हजारो लोक आंधळे राहिले असते. तरी या साखळीत एक दुवा कच्चा आहे. चौथ्या दिवशी रात्री डोळा ठणकायला लागला तर धारावीतल्या माणसाने कुठे जायचं? पनवेलला? शाखाप्रमुखाला फोन करायचा? तो सायनला जातो, तिथे त्याच्यावर उपचार होतात, आणि ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया केली त्यांच्या दप्तरात तो यशस्वी रुग्ण म्हणूनच राहतो. शस्त्रक्रियेत आत औषध सोडलं होतं का, कुठलं, हे सायनच्या डॉक्टरला कार्डावर दिसत नाही.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. पालिकेच्या मध्यवर्ती खरेदी खात्याने आणि राज्यात २०२३ पासून कायद्याने अस्तित्वात आलेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने एका रुग्णाची कुपी लेन्ससोबतच खरेदी करावी, वेगळी नाही. जितक्या लेन्स, तितक्या कुप्या. म्हणजे साठा संपण्याचं कारणच उरणार नाही, आणि वर्षअखेरीला दोन्हींचा मेळ घालताच कोण देतंय आणि कोण देत नाही ते उघड होईल. अनुदान घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना तोच नियम. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक, आणि डोळा दुखला तर रात्री जायचं जवळचं ठिकाण, मराठीत आणि हिंदीत. हे खर्चाचं काम नाही. कुपीची किंमत लेन्सच्या आणि फेकोच्या खर्चापुढे नगण्य आहे.

खासगी दवाखान्यांवर सक्ती करावी का, याबद्दल माझं मन तितकं पक्कं नाही. कुठल्या सर्जनला एखाद्या रुग्णात सबळ कारणाने औषध टाळायचं असेल, औषधाची ॲलर्जी असेल, तर त्याने कारण लिहावं आणि टाळावं. पण ‘देत नाही’ हे रुग्णाला आधी सांगावं लागेल एवढा नियम पुरेसा आहे. लेन्सच्या तक्त्यावर ती एक ओळ आली की बाजार बाकीचं काम करेल. मुंबईकर फुकटची गोष्ट सोडत नाही.

सगळ्यांत कठीण काम मोजणीचं आहे. स्वीडनमध्ये वाद संपला कारण त्यांच्याकडे नोंदवही होती. अरविंदचं म्हणणं जगाने ऐकलं कारण त्यांनी स्वतःचे अपयशी डोळे मोजून छापले. मुंबईत पालिकेने उद्या जाहीर केलं की प्रत्येक रुग्णालयाने शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांतला प्रत्येक संसर्ग कळवावा, तर पहिल्या वर्षी आकडा आतापेक्षा वाईट दिसेल. संसर्ग वाढले म्हणून नव्हे, दिसू लागले म्हणून. त्या वर्षी वर्तमानपत्रं मथळे देतील, विरोधी पक्ष सभागृहात फलक घेऊन येईल, आणि जे रुग्णालय प्रामाणिकपणे पाच रुग्ण कळवेल त्याच्यावर चौकशी बसेल, तर शून्य कळवणाऱ्याचा सत्कार होईल. प्रत्येक दुर्घटनेनंतर आपण कुणाला तरी निलंबित करून मोकळे होतो, त्याचा परिणाम एवढाच की पुढचा सर्जन रुग्णाला गुपचूप दुसरीकडे पाठवायला शिकतो. एकेकटा संसर्ग कळवणं हा गुन्हा नाही आणि लपवणं हा मात्र गुन्हा आहे, एवढी हमी आयुक्तांनी लेखी द्यायला हवी, आणि ती कुप्यांची पहिली खेप येण्याच्या आधी द्यायला हवी. कुपी निविदेने येईल. ही हमी द्यायला मात्र पालिकेत कुणीतरी पहिल्या वर्षीच्या वाईट आकड्याखाली सही करायला तयार असावं लागेल.